मंडळाची एक दिवसाची डोंगरभटकंती: आखणीपासून परतीपर्यंत

पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांत आणि आता तालुक्याच्या गावांतही अशी भटकंती मंडळे आहेत, जी महिन्यातल्या एखाद्या रविवारी पंधरा-वीस जणांना घेऊन डोंगरात पायी जातात. त्यांत बँकेत नोकरी करणारे असतात, निवृत्त शिक्षक असतात, आईवडिलांबरोबर आलेली मुले असतात, आणि चालण्याचा सराव प्रत्येकाचा वेगळा असतो. अशा सहलीचे नेतृत्व ज्यांच्याकडे पहिल्यांदाच येते, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. दोर, हार्नेस आणि कातळारोहण लागणाऱ्या मोहिमा येथे अभिप्रेत नाहीत. मळलेल्या पायवाटेने जाऊन त्याच दिवशी संध्याकाळी घरी परतायची, एवढीच भटकंती येथे विचारात घेतली आहे. वेळ, पाणी, अंतर, माणसांची संख्या आणि परतीची गाडी या साऱ्यांचा हिशेब गटात सर्वांत मागे चालणाऱ्या माणसावरून करावा, हे या आखणीचे मुख्य सूत्र आहे. पुढे पळणाऱ्यांची काळजी फारशी करावी लागत नाही. फार तर त्यांना आवरावे लागते.

वाटेची निवड

नवा नेता बहुधा डोंगर नावावरून निवडतो आणि तेथेच फसतो. मिश्र गटासाठी वाट निवडताना शिखराची उंची किंवा किल्ल्याची कीर्ती यांपेक्षा तीन प्रश्न महत्त्वाचे असतात: सुरुवातीच्या आणि शेवटच्या ठिकाणी सार्वजनिक वाहन मिळते का, वाटेत मध्यावर वस्ती आहे का, आणि एखाद्याचे पाय भरून आले तर त्याला अर्ध्यातून सुखरूप बाहेर काढता येईल का. या तिन्ही प्रश्नांना होकारार्थी उत्तर देणारी वाट म्हणून लोणावळा ते राजमाची या वाटेचे उदाहरण घेता येईल. लोणावळा स्थानकावरून तुंगार्लीमार्गे निघाल्यावर राजमाचीच्या पायथ्याची उधेवाडी सुमारे १५ किलोमीटरवर आहे. बरीचशी वाट गाडीरस्त्यासारखी रुंद आहे, चढ-उतार सौम्य आहेत आणि कोरड्या ऋतूत उधेवाडीपर्यंत जीपही जाते, त्यामुळे थकलेल्या माणसाला परत पाठवण्याची सोय असते. गावात जेवण मिळते. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले गावाच्या डोक्यावरच आहेत. परत लोणावळ्याला न जाता कोंढाणे लेण्यांवरून कोंदिवडे गावात उतरले, तर तेथून रिक्षाने कर्जत स्थानक गाठता येते, म्हणजे पुण्याकडून आलेला गट मुंबईच्या बाजूने खाली उतरतो.

मात्र याच वाटेवर अनेक मंडळे एक चूक करतात. लोणावळ्यापासून चालत यायचे, दोन्ही बालेकिल्ले चढायचे आणि त्याच संध्याकाळी कोंदिवड्याला उतरायचे, असा बेत कागदावर आकर्षक दिसतो आणि दोन-चार सराईत लोकांना तो जमतोही. पंचवीस जणांच्या मिश्र गटाला मात्र कोंदिवड्याची उतरण नेमकी तेव्हा लागते जेव्हा गुडघे बोलू लागलेले असतात आणि उजेड कमी होत असतो. अशा गटाने एका दिवसात एकच गोष्ट निवडावी. एक तर लोणावळ्याहून चालत येऊन जेवण करावे, एखादा बालेकिल्ला पाहावा आणि जीपने परतावे. नाही तर कोंदिवड्याहून सकाळी चढून, लेणी पाहून, त्याच वाटेने दिवसाउजेडी उतरावे.

अगदी नवख्या लोकांची पहिली सहल असेल तर मळवली स्थानकावरून भाजे गाव, भाजे लेणी आणि लोहगड एवढेच पुरे आहे. लोहगडाला पायऱ्या आहेत आणि वाट चुकण्याचा प्रश्न नाही. पावसाळ्यातल्या रविवारी मात्र तेथे इतकी गर्दी होते की गटातली माणसे मोजणेही कठीण जाते, म्हणून तो काळ टाळावा. भीमाशंकरला खांडसहून दोन वाटा चढतात. त्यांपैकी शिडी घाटात उघडे कातळटप्पे आणि शिड्या आहेत, तर गणेश घाटाची वाट लांब असली तरी सोपी आहे. मिश्र गटाने गणेश घाटानेच जावे, मग कितीही जणांनी शिडीचा आग्रह धरला तरी. हरिहरच्या उभ्या पायऱ्या, कलावंतिणीचा सुळका, अलंग-मदन-कुलंग ही नावे मंडळाच्या मासिक सहलीच्या यादीत असूच नयेत.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही सोयीचा आहे: दर ५ किलोमीटर अंतराला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा १५ किलोमीटर अंतर आणि ३०० मीटर चढ असेल, तर या नियमाने साडेतीन तास होतात. हा हिशेब सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे, आणि स्कॉटलंडच्या हवेतला आहे. सह्याद्रीच्या उन्हात, फोटो काढत, पाणी पीत, एकमेकांची वाट पाहत चालणाऱ्या वीस जणांच्या गटासाठी त्याची दीडपट ते पावणेदोनपट धरावी आणि त्यात जेवणाचा एक तास वेगळा मिळवावा. डिसेंबरात पुण्याच्या परिसरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जूनमध्ये सव्वासात होतात. आलेली बेरीज सूर्यास्ताच्या दोन तास आधी संपत नसेल, तर वाट छोटी करावी, कारण निघण्याची वेळ कितीही लवकर ठरवली तरी गट ठरल्या वेळी निघत नाही.

पूर्वपाहणी

नेत्याने ती वाट त्याच ऋतूत, शक्यतो सहलीआधीच्या पंधरवड्यात, स्वतः चालून पाहिलेली असावी. मे महिन्यात पाहिलेली वाट ऑक्टोबरात ओळखू येत नाही, कारण कमरेएवढ्या गवतात फाटे बुजतात आणि कारवीच्या रानात ढोरवाटा मुख्य वाटेपेक्षा ठळक दिसतात. पाहणीला दोघांनी जावे आणि त्यांतला एक सहलीच्या दिवशी सर्वांत मागे राहणारा असावा. पुढच्याइतकीच मागच्यालाही वाट माहीत असली पाहिजे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे ५० हजारात एक या प्रमाणाचे नकाशे यासाठी उपयोगी पडतात. त्यांवर उंचीच्या दर २० मीटरला समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, असतात. त्या जेथे दाटीने आलेल्या दिसतात तेथे चढ उभा आहे, हे घरबसल्या कळते. मोबाइलमध्ये नकाशा उतरवून ठेवणे चांगलेच, पण थंड वाऱ्यात किंवा धो धो पावसात फोन केव्हा बंद पडेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे छापील नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्यावा.

पाहणीत प्रत्येक फाटा, पिण्याजोगे पाणी, सावलीची जागा, घसाऱ्याचा किंवा शेवाळलेला टप्पा आणि मोबाइलची रेंज कोठे मिळते हे टिपून घ्यावे. गडावरच्या टाक्यांपैकी कोणत्या टाक्याचे पाणी गावकरी स्वतः पितात, हे त्यांनाच विचारावे. वरून स्वच्छ दिसणारे पाणी वर्षानुवर्षे उपसलेले नसते. फेब्रुवारीनंतर बरीच टाकी आटतात, त्यामुळे जानेवारीतल्या टिपणावर एप्रिलची सहल आखू नये.

परवानग्यांचा विषय थोडक्यात सांगतो, पण तो सोडून देऊ नये. भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि कोयना ही अभयारण्ये आहेत. तेथे वन विभागाच्या नाक्यावर नोंद आणि शुल्क लागते. वासोट्याला जाण्यासाठी बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडावा लागतो, वन विभागाची परवानगी घ्यावी लागते आणि पावसाळ्यात ती वाट बंद असते. जून ते सप्टेंबर या काळात जिल्हाधिकारी धबधबे, धरणे आणि काही किल्ल्यांवर जमावबंदीचे आदेश काढतात. ते दरवर्षी वेगळे असतात, म्हणून आदल्या आठवड्यात पाहावेत. मंडळ सभासदांखेरीज इतरांकडूनही शुल्क घेऊन सहली काढत असेल, तर राज्याच्या पर्यटन विभागाचे २०२१ चे साहसी पर्यटन धोरण आणि त्यातील नोंदणीच्या अटी कार्यकारिणीने आधी वाचून घ्याव्यात.

सूचना, संख्या आणि अर्ज

सहलीची सूचना अशी लिहावी की जिला ती झेपणार नाही ती व्यक्ती वाचूनच मागे राहील. ‘निसर्गरम्य वातावरणात सोपा ट्रेक’ या वाक्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘एकूण चाल १५ किलोमीटर, चालण्याचा वेळ सहा तास, चढ सौम्य, शेवटच्या तासात मुरमाड उतार, वाटेत सावली कमी, दुपारचे जेवण गावात शाकाहारी, परत येण्यास रात्रीचे नऊ वाजू शकतात. गेल्या महिनाभरात सलग दोन तास चाललेल्यांनीच नाव द्यावे.’ ‘सोपी’, ‘मध्यम’, ‘कठीण’ या श्रेणी मंडळापरत्वे बदलतात. सकाळी पर्वतीच्या पायऱ्या रोज चढणाऱ्याची मध्यम आणि लिफ्टने जाणाऱ्याची मध्यम एक नसते. आकडे दिले की वाद राहत नाही.

एका सहलीत वीस, फार तर पंचवीस जण असावेत आणि दर आठ-दहा जणांमागे एक जाणता माणूस असावा. नावे जास्त आली तर दुसऱ्या रविवारी दुसरी सहल काढावी. चाळीस जणांची ओळ एखाद्या सोंडेवर अर्धा किलोमीटर लांब होते. पुढचा टोकावर पोहोचतो तेव्हा मागचा अजून खिंडीत असतो आणि दोघांमध्ये काय चालले आहे हे कोणालाच माहीत नसते. संख्या वाढली की प्रत्येकाची वर्गणी कमी होते, हा युक्तिवाद दर बैठकीत होतो. त्याला दाद देऊ नये.

अर्जात नाव, वय, रक्तगट, चालू औषधे, दमा, मधुमेह, रक्तदाब किंवा अपस्माराचा इतिहास, मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी आणि घरच्या एका व्यक्तीचा क्रमांक घ्यावा. ही माहिती नेता आणि शेवटचा माणूस यांच्यापुरतीच ठेवावी. ती मंडळाच्या सामायिक गटात टाकू नये, कारण मग पुढच्या वेळी कोणीही खरे लिहीत नाही. मधुमेह असलेल्यांना खाण्याच्या वेळा आधी कळवाव्यात. अठरा वर्षांखालच्या मुलांबरोबर पालक असलाच पाहिजे.

सामानाच्या यादीवर पानेच्या पाने लिहिता येतात, पण खरे महत्त्वाचे थोडे आहे. खोल खाचांचा तळ असलेले आणि आधी वापरून रुळलेले बूट हवेत. नव्या कोऱ्या बुटांनी पहिल्याच सहलीत टाचा सोलतात. कोरड्या ऋतूत प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी, एप्रिल-मेमध्ये चार लिटर. टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, विजेरी आणि शिट्टी प्रत्येकाकडे असावी, केवळ नेत्याकडे नव्हे. खाण्यासाठी धपाटे, थालीपीठ, गूळ-शेंगदाणे, खजूर आणि ओआरएसची पाकिटे बरोबर असू द्यावीत. तळलेल्या चिप्सनी तहान वाढते. पावसाळ्यात सुके कपडे पिशवीत दुहेरी प्लास्टिकमध्ये ठेवावेत. जीन्सची पॅन्ट ओली झाली की जड होते आणि मांड्या सोलते, हे सूचनेत स्पष्ट लिहावे, कारण दर वेळी दोघे-तिघे ती घालूनच येतात.

सहलीच्या दिवशी

स्थानकावर सर्व जमले की पाच मिनिटे उभे राहून बोलावे. आज कोठून कोठे जायचे, किती वेळ लागेल, कोण पुढे आणि कोण मागे असेल, पाणी पुन्हा कोठे मिळेल, कोणत्या वेळेनंतर गट जेथे असेल तेथून परत फिरेल, हे प्रत्येकाने ऐकलेले असावे. मग क्रमांक द्यावेत. एक, दोन, तीन असे प्रत्येकाने आपापला क्रमांक मोठ्याने म्हणायचा आणि तो दिवसभर लक्षात ठेवायचा. प्रत्येक थांब्यावर अशी गणती एका मिनिटात होते, आणि डोकी मोजण्यात नेता स्वतःलाच मोजायला विसरतो तसे येथे होत नाही.

पुढे चालणाऱ्याचे काम वाट दाखवण्याचे तर आहेच, पण त्याहूनही अधिक वेग धरून ठेवण्याचे आहे. पहिला अर्धा तास मुद्दाम सावकाश चालावे. त्यानंतर एक छोटा थांबा घ्यावा, कपडे-बूट सारखे करावेत आणि मग पुढचा वेग ठरवावा. गटातल्या सर्वांत संथ माणसाला नेत्याच्या लगेच मागे चालायला सांगावे. त्याच्या श्वासाचा आवाज कानावर पडत राहिला की वेग आपोआप बेताचा राहतो, आणि त्या माणसालाही आपण मागे पडलो असे वाटत नाही. थांब्याच्या बाबतीत जवळपास प्रत्येक गटात एक अन्याय होतो: पुढचे लोक दहा मिनिटे बसून घेतात, मागचा धापा टाकत पोहोचतो आणि तो पोहोचताच पुढचे उठून चालू लागतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज आहे त्याला ती मिळतच नाही. म्हणून थांब्याचे घड्याळ शेवटचा माणूस बसल्यापासून सुरू करावे.

शेवटी चालणाऱ्यासाठी मंडळातला सर्वांत अनुभवी आणि सर्वांत शांत माणूस निवडावा, जरी पुढे चालण्याचा मान त्याच्याकडे आधीपासून असला तरी. त्याच्या मागे कोणीही राहू नये, हा त्याचा एकमेव नियम. कोणी फोटोसाठी थांबले, कोणी झुडपाआड गेले, कोणाच्या बुटाचा तळ निघाला, तर तोही तेथे थांबतो. तळ निघाला तर उपयोगी पडावा म्हणून त्याच्याकडे चिकटपट्टी आणि नायलॉनची दोरी असते, आणि प्रथमोपचाराची पेटीही त्याच्याकडेच असावी, कारण दुखापत बहुधा दमलेल्या, म्हणजे मागच्या लोकांना होते. पेटी पुढे गेलेली असली तर ती परत आणायला अर्धा तास जातो.

वाट चुकण्याचे प्रसंग जवळजवळ नेहमी फाट्यांवर घडतात, म्हणून फाट्याची शिस्त सर्वांना तोंडपाठ असावी. फाटा आला की नेता सर्वांत संथ माणसाला आपल्याबरोबरच ठेवतो, त्याच्या मागच्या माणसाला तेथे उभे करतो आणि पुढे जातो. तो माणूस येणाऱ्या प्रत्येकाला योग्य वाट दाखवतो आणि शेवटचा माणूस तेथे पोहोचेपर्यंत जागा सोडत नाही. मग त्याच्या पुढे राहून पुन्हा ओळीत सामील होतो. पुढच्या फाट्यावर दुसरा कोणीतरी उभा राहतो. या पद्धतीने माणसे आपोआप पुढून मागे सरकत राहतात, ओळखी वाढतात आणि नेत्याला मागे वळून ओरडावे लागत नाही. दगडावर रंगवलेल्या बाणांवर एकट्याने विसंबू नये, कारण कोणता बाण कोणत्या मंडळाने कोठे जाण्यासाठी काढला, हे बाणावर लिहिलेले नसते.

आडवी वाट अरुंद असेल तर दोघांत दोन पावलांचे अंतर ठेवावे. घसाऱ्यावर उतरताना एकाखाली एक चालू नये, थोडे तिरके चालावे, म्हणजे वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या अंगावर जाणार नाही. दगड सुटलाच तर ‘दगड!’ एवढाच शब्द मोठ्याने ओरडावा. संकटाच्या वेळी मिनिटाला सहा शिट्ट्या आणि मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, उत्तरादाखल मिनिटाला तीन, ही आंतरराष्ट्रीय खूण सकाळीच सांगून ठेवावी आणि एरवी गंमत म्हणून कोणालाही शिट्टी वाजवू देऊ नये.

महिला सभासदांसाठी आडोशाच्या थांब्यांची जागा पाहणीतच हेरून ठेवावी आणि सूचनेतच कळवावी, म्हणजे कोणालाही संकोचाने पाणी कमी पिण्याची वेळ येत नाही. पाणी कमी पिणे हे डोंगरातल्या चक्कर येण्याचे फार मोठे आणि न बोलले जाणारे कारण आहे. शौचाला ओढा किंवा टाके यांपासून किमान ६० मीटर दूर जावे, खड्डा करून वर माती ओढावी आणि सॅनिटरी पॅड पुरून न टाकता बंद पिशवीत परत आणावेत.

पाऊस, वीज, माशा आणि ऊन

हवामान विभागाचा अंदाज पाहताना ‘पुणे’ किंवा ‘सातारा’ या नावापुढचा आकडा वाचून समाधान मानू नये. शहरात रिमझिम असताना घाटमाथ्यावर ढगफुटीसारखा पाऊस चालू असतो, आणि म्हणूनच विभाग पुणे घाट, सातारा घाट असे इशारे स्वतंत्रपणे देतो. घाटासाठी नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर सहल रद्द करावी, आणि हा नियम सूचनेतच छापलेला असावा, म्हणजे शनिवारी रात्री त्यावर मतदान घेण्याची वेळ येत नाही. रद्द झालेल्या सहलीची गाडीभाड्याची रक्कम बुडते, हे धरूनच चालावे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण आणि १९ जुलै २०२३ रोजी इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. दोन्ही ठिकाणी आधी सलग जोरदार पाऊस झालेला होता. अशा पावसात डोंगरउतारावरून चालणे म्हणजे निसर्गाचा आनंद घेणे नव्हे, आणि मदतीला येणाऱ्या यंत्रणेवर भार टाकणे मात्र नक्कीच आहे.

ओढ्यांबाबत तर अधिकच कठोर राहावे. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी, तुमच्या डोक्यावर पाऊस नसतानाही, वरच्या पठारावरच्या पावसाने छातीएवढा होऊ शकतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा प्रवाह काही क्षणांत वाढला होता. पाणी गढूळ झाले, काटक्या-पाने वाहून येऊ लागली किंवा आवाज बदलला, तर लगेच बाहेर यावे. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नये. पाऊस थांबल्यावर सह्याद्रीतले छोटे ओढे काही तासांत उतरतात. तेवढे थांबावे किंवा मागे फिरून गावात मुक्काम करावा. सोमवारची रजा पडणे परवडते.

एप्रिल-मेमधल्या वळवाच्या आणि ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसात दुपारनंतर विजा पडतात. अशा दिवसांत दोन वाजायच्या आत धार, माथा आणि उघडे पठार सोडलेले असावे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. एकाकी झाड, बुरुज आणि गडावरचा ध्वजस्तंभ यांपासून दूर जावे, काठ्या खाली ठेवाव्यात आणि गट पांगवून एकमेकांत अंतर ठेवून बसावे.

किल्ल्यांचे बुरुज आणि कडे येथे आग्या मोहोळे असतात. धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा आणि ड्रोन या चारही गोष्टींनी माशा उठतात. माशा उठल्या तर हात हलवून झटकत बसू नये. तोंड आणि मान कपड्याने झाकून, कड्याची बाजू टाळून, ज्या वाटेने आलो त्याच वाटेने शक्य तेवढे दूर निघून जावे. अंगात रुतलेले काटे नखाने खरवडून लवकर काढावेत. अनेक दंश झालेल्या किंवा श्वास लागलेल्या माणसाला थेट रुग्णालयातच न्यावे.

सर्पदंशाची भीती फार आणि घटना कमी, तरीही फुरसे, घोणस, मण्यार आणि नाग हे चारही विषारी साप या भागात आहेत. गवतात आणि दगडांवर हात टाकण्यापूर्वी पाहावे, बैठक मांडण्यापूर्वी काठी आपटावी. दंश झालाच तर आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, विष चोखणे हे सर्व टाळावे. अंगठी, कडे, बूट काढावेत, दंश झालेला अवयव फळीने स्थिर करावा, माणसाला चालू न देता उचलून न्यावे आणि प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात पोहोचवावे. ते रुग्णालय कोणते, हे नेत्याने आधीच विचारून ठेवलेले असावे. राजमाचीहून कोंदिवड्याकडे उतरणाऱ्या गटासाठी ते कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय होय. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर आपत्तीसाठी ११२ हे क्रमांक सर्वांना माहीत असतात, पण डोंगरातून माणूस खाली आणण्यासाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आणि लोणावळा परिसरात शिवदुर्ग मित्र यांसारखी पथके आहेत, त्यांचे क्रमांक कागदावर लिहून न्यावेत.

उन्हाचा फटका मात्र प्रत्यक्षात सर्वांत जास्त वेळा बसतो, आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. चिडचिड, गप्प होणे, पाय अडखळणे ही पहिली लक्षणे असतात. शेवटच्या माणसाने दर थांब्यावर प्रत्येकाला दोन वाक्ये बोलायला लावावीत; असंबद्ध उत्तर आले तर तेथेच थांबून, सावलीत झोपवून, कपडे भिजवून वारा घालावा. शुद्ध नीट असेल तरच घोट घोट ओआरएस द्यावे.

गाव आणि शेत

मध्यावरचे गाव हे हॉटेल नव्हे. जेवणाची संख्या आदल्या दिवशी कळवावी आणि त्यात घट झाली तरी कळवलेल्या संख्येचे पैसे द्यावेत, कारण पिठलं-भाकरी, भात आणि चटणी तेवढ्या माणसांची झालेली असते. सांगितलेल्या दरात घासाघीस करू नये. मुलांना गोळ्या-चॉकलेटे वाटू नयेत. काही द्यायचेच असेल तर शाळेतल्या शिक्षकांना आधी विचारून द्यावे. अवघड वाटेवर गावातला वाटाड्या घ्यावा, मग नेत्याला वाट माहीत असली तरी, कारण गेल्या आठवड्यात कोठे दरड आली हे त्यालाच ठाऊक असते.

भाताच्या दिवसांत बांधावरून एकामागोमाग एक चालावे. बांध ढासळला तर खाचरातले पाणी निघून जाते. कुंपणाचे कवाड जसे होते तसे परत लावावे. देवराईत पान-फूल तोडू नये आणि देवाच्या जागेत पादत्राणे घालून जाऊ नये. फेब्रुवारीपासून गवत वाळलेले असते आणि एका थोटकाने वणवा लागतो, म्हणून सहलीत धूम्रपानाला पूर्ण बंदी असावी. लोहगड, राजगड, रायगड, शिवनेरी, साल्हेर अशा किल्ल्यांचा समावेश असलेली मराठा लष्करी स्थळे २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आली, तेव्हापासून तेथे वर्दळ आणखी वाढली आहे. तटाच्या दगडावर बसून भेळ खाणाऱ्या गटाला पाहून दुसरा गटही तेथेच बसतो, एवढे ध्यानात ठेवावे.

परतल्यावर

शेवटच्या स्थानकावर पुन्हा क्रमांकांची गणती करावी आणि सर्व जण खाली आल्याचे घरी थांबलेल्या संपर्कव्यक्तीला कळवूनच गट मोकळा करावा. ही संपर्कव्यक्ती सहलीत न आलेली असते, तिच्याकडे नावांची यादी आणि वाटेचे टिपण असते, आणि ठरलेल्या वेळेनंतर दोन तासांत निरोप आला नाही तर कोणाला फोन करायचा हे तिला लिहून दिलेले असते. रात्री एकट्याने घरी जाणाऱ्यांची सोय गाडीतच ठरवावी.

आठवड्याच्या आत जमा-खर्चाचा कागद सर्वांना पाठवावा. तिकिटे, जीप, जेवण, वाटाड्या, वन विभागाचे शुल्क असे खर्च वेगळे दाखवावेत आणि उरलेली रक्कम परत करावी किंवा मंडळाच्या प्रथमोपचार पेटीसाठी ठेवल्याचे कळवावे. त्याच वेळी वाटेचे टिपण सुधारून मंडळाच्या वहीत ठेवावे: कोणत्या फाट्यावर माणूस उभा करावा लागला, कोणत्या टाक्याला पाणी होते, कोणाकडे जेवण केले आणि दर काय होता, प्रत्येक टप्प्याला शेवटचा माणूस किती वाजता पोहोचला. या वाटेचे नेतृत्व पुढच्या वर्षी दुसऱ्याने करावे आणि तुम्ही मागे राहावे.